वहिनीच्या दुखण्याचं नाव

आमच्या मुलुंडच्या घरात 'वेडी' हा शब्द फार स्वस्त होता. दूध उतू गेलं की वहिनी वेडी. दादा मात्र भरलं ताट भिंतीवर भिरकावायचा, तर तो 'तापट'. आत्या दिवसभर हात धूत बसायची, ती 'सोवळ्याची'. वेड लागायचं ते फक्त सुनेला. पन्नासच्या दशकातली गोष्ट, पण आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते. पुस्तकाची जेमतेम चार प्रकरणं झाली होती आणि मी गल्लीभर रोगांची नावं वाटत सुटले होते. दादा न्यूरॉटिक, आत्याला ऑब्सेशन, कोपऱ्यावरच्या वाण्याला कसलासा फोबिया. माझ्या शहाणपणाला काय म्हणायचं, तेवढं त्या पुस्तकात नव्हतं.

वहिनीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही आमच्याकडेच झालं. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. झोप नाही, जेवण नाही. बाळ रडलं तरी छताकडे बघत राहायची, डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. आत्याने निकाल दिला: हिला वेड लागलंय, रत्नागिरीला बापाकडे पोचवा, बाळ इथेच राहील. बाळाच्या बापाने, म्हणजे आमच्या दादाने, पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

मी पदर खोचून उभी राहिले. वेड म्हणजे भान सुटणं, हिचं भान शाबूत आहे, असं व्याख्यान झोडलं. माझ्या नाती आज ज्याला डिप्रेशन म्हणतात, त्याला आमच्या पुस्तकात भारदस्त नाव होतं. ते मी आत्यावर फेकलं.

"आत्या, हे वेड नाही. मेलान्कोलिया आहे."

आत्याला एका कानाने कमी ऐकू यायचं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मेला कोळी? तरीच. सातव्यात खाडीवर फिरायला गेली होती ना ही. झपाटलीय गं पोर."

आणि बाई एकदम विरघळली. बिचारीचा काय दोष, म्हणाली. दृष्ट काढली, मऊ भात स्वतः भरवला, रत्नागिरीचं नाव पुन्हा काढलं नाही. माझा संताप संताप झाला. आजारी बाईला माया नाही, झपाटलेलीला मात्र तूपभात! शिवाय त्या न मेलेल्या कोळ्यावर फुकटचा आळ. आत्याला खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर वहिनीने माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

"वन्सं, कोळीच असू दे. वेडीचं बाळ काढून घेतात."

मी तोंड मिटलं. आत्याने बाळ आणून तिच्या कुशीत ठेवलं आणि खिडकीतून खाडीच्या दिशेने कोळ्याला चार शिव्या हासडल्या. त्यातली एखादी तरी आत पेपर वाचत बसलेल्याच्या वाट्याला यायला हवी होती.