मागची बाज

नांदेडात लग्नांचे फोटो काढतो मी. कोणतीही मोठ्या तोंडाची लेन्स घेतली, की तिची परीक्षा जळकोटजवळच्या आमच्या गावी, आईच्या चेहऱ्यावरच व्हायची. तिला अंगणात पाटावर बसवायचं, लेन्स पूर्ण उघडायची अन् फोकस तिच्या डोळ्यांवर धरायचा. पापणीचा केस न् केस वेगळा दिसला, मागचं सगळं धुरकट झालं, की लेन्स पास. आई डोक्यावर पदर घेऊन आधार कार्ड काढायला आल्यासारखी ताठ बसायची. हसायचं नाव नाही!

फोटो दाखवला की तिचं गाऱ्हाणं सुरू. घर कुठं गेलं, म्हैस कुठं गेली, एवढं अंगण सारवलं ते कुठं गेलं? आमच्याकडं फोटोत घरदार दिसायला पाहिजे, न्हाईतर तो काढायचा कशाला. मी वैतागायचो. अगं, या धुरकटपणासाठीच तर ही लेन्स घेतात लोक!

मागं लिंबाखाली बाजेवर बाबा बसलेले असायचे. पुढं या म्हटलं की तिथूनच हात हलवायचे, चालू दे तुझं म्हणून. लई हट्टी माणूस.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर सगळ्या फोटोंत आई लख्ख अन् मागं बाजेवर एक पांढरा डाग. धोतर अन् टोपी, एवढेच बाबा. डाग मोठा करून बघितला. जेवढा मोठा करावा, तेवढे ते विरघळत चालले. शेवटी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ते कुणावर तरी चिडल्यासारखे दिसतात.

परवा नवीन लेन्स घेऊन गावी गेलो. बाबांची बाज गोठ्यात उभी करून ठेवली होती. आईनं ती ओढत आणली, लिंबाखाली नेहमीच्या जागी टाकली, मग पदर सावरून पाटावर बसली.

"आज मागचं समदं साफ येऊ दे," म्हणाली.

मी वाद घातला नाही. लेन्सचं तोंड पार बारीक केलं. आई, लिंब, म्हैस, बाजेच्या सुंभाचा पीळ न् पीळ, सगळं स्वच्छ आलं. मला बाबांची इतकी आठवण आली की कॅमेरा डोळ्यावरून काढवेना.

आईनं फोटो बराच वेळ बघितला.

"आता बसले असते, तर दिसले असते बघ."

हाव, म्हणालो मी.