नवसागर आणि चुना

लहानपणी सर्दीनं डोकं जड झालं की माय तळहातावर नवसागर आणि चुना चोळून हात माझ्या नाकाशी धरायची. डोळ्यांतून पाणी यायचं, डोकं मोकळं व्हायचं. पुढं हैदराबादेत डॉक्टरी शिकताना कळलं, की हाच नवसागर आपले गुर्देही, म्हणजे मूत्रपिंडंही, तयार करतात. अंगात आम्ल साचलं की गुर्दा मांसातून आलेली अमिनो आम्लं फोडतो, त्यातून अमोनिया काढतो आणि त्याच्या संगतीनं आम्ल नवसागराच्या रूपात लघवीवाटे बाहेर घालवतो. उर्दूतून शिकवणारे आमचे उस्ताद एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळले. मला मात्र मायचा तळहात आठवला आणि भर वर्गात रडू आलं. त्या शहरात माझं कुणी नव्हतं.

वडील गेल्यावर पिंपळगावात मायही एकटीच राहत होती. मुलगा डॉक्टर होऊन जवळपास यावा म्हणून तिनं रेणुकेला नवस बोलला होता, दर नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहण्याचा. मला जाफराबादच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली आणि तिचे उपास सुरू झाले.

त्या वर्षी पावसाळ्यापासून तिचे पाय सुजत होते. लघवी तपासली तेव्हा गुर्दे थकल्याचं मला दिसलं होतं. घट बसायच्या दिवशी मी रजा काढून गेलो आणि उपास करू नकोस म्हणून तिच्याशी भांडलो. ती ऐकेना. तू खाणार नाहीस तर मीही खाणार नाही, असं मी रागात बोलून गेलो. ती हसली. भूक लागली की पोरगं ताळ्यावर येईल, असं तिला वाटलं असणार. पण खाण तशी माती, मीही नुसत्या पाण्यावर राहिलो.

पाचव्या माळेला तिला बसल्या जागी धाप लागली. श्वास खोल खोल, लांब लांब. शेजारची काकू म्हणाली, देवी अंगात येतेय. बघता बघता बाया जमल्या. कुणी तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, कुणी पाया पडून लेकीला दिवस कधी जातील ते विचारलं. आम्ल वाढलं की असाच श्वास चालतो, हे त्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं.

मी तिची लघवी एका वाटीत घेतली, माझी दुसऱ्या वाटीत. गोठ्यामागं जाऊन दोन्हींत पानाच्या डब्यातला चुना कालवला. चुना पडला की लपलेला अमोनिया वर येतो. माझ्या वाटीचा वास नाकात असा झणझणला की डोळे भरले. तिच्या वाटीवर मी पुन्हा पुन्हा वाकलो. वास जवळजवळ नव्हताच. तिचे गुर्दे हरले होते. हे सांगायचं तरी कुणाला? मी तिथंच शेणाच्या ढिगाशेजारी बसून राहिलो.

मग आत जाऊन तिलाच सांगितलं. माझं अंग स्वतःचं मांस मोडून आम्ल बाहेर काढतंय. तुझ्या गुर्द्यांना आता तेही जमत नाही. तिनं फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

"म्हंजी तुझं मांस झडून राह्यलंय?"

"हो."

तिनं काकूला पेज करायला सांगितली. उपास मोडला तर देवी कोपेल म्हणून काकू घाबरली.

"देवीबी माय हाय," माय म्हणाली. "तिला कळतं."

पेज आली. मी वाटी तिच्यापुढं केली, तिनं ती माझ्याकडं सरकवली.

"आधी तू."

मी एक घोट घेतला, मग तिनं घेतला. पाण्यातून खायचा सोडाही तिला पाजला. दोन-तीन दिवसांत श्वास जागेवर आला. देवी लवकर निघून गेली म्हणून बाया मात्र माझ्यावर नाराज झाल्या.

माय ती संक्रांत पाहून गेली.

पुढच्या नवरात्रात मी जाफराबादलाच होतो. दवाखान्यातून खोलीवर यायचो आणि चूल पेटवायचा कंटाळा करून तसाच आडवा व्हायचो. उपास असा नव्हताच. असे दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी काय मनात आलं कुणास ठाऊक, वाटीत लघवी घेतली आणि चुना कालवला. डोळे झणझणले. माझे गुर्दे इमानानं काम करत होते. मी पेज शिजवली, दुसऱ्या वाटीत ओतली आणि ती पुढ्यात घेऊन बराच वेळ बसलो. आधी तू, असं म्हणायला समोर कुणी नव्हतं.