रोवणीचा वाटा

करडी गावात आमच्या घरी भाताची रोवणी लागली की अख्खं घर चिखलाच्या बांधीत उतरायचं, मी सोडून. "तू चिखलात हात घालू नोको. तुहा वाटा मी रोवतो," असं माय म्हणायची आणि मी शेताच्या कोरड्या धुऱ्यावर बसून पाय ताणत राहायची. शेजारणी टोमणे मारायच्या, "पोरगी राणी हाय का वं?" माय वाकल्या वाकल्या हसायची. मला वाटायचं, लाड करते. पुढे जिम्नॅस्टिक्समध्ये भारताची जर्सी अंगावर आली, तरी कारण विचारायची अक्कल काही आली नाही.

खांदा गेला, खेळ सुटला आणि मी भंडाऱ्यात पोरींना जिम्नॅस्टिक्स शिकवायला लागले. खेळानं दिलं ते परत करायचं होतं ना! त्यात एक अड्याळची, तेरा वर्षांची, मजुराची पोर होती. बारच्या आडव्या दांडीवर फिरायला लागली की मी श्वास घ्यायला विसरायची. श्रावणात राज्याच्या संघाची निवड होती.

आषाढात तिची आई आली. "म्याडम, रोवणी लागली. पंधरा दिवस पोरीले नेतो."

"न्या की. कंबर मजबूतच होते त्यानं," मी तोऱ्यात म्हटलं.

पोर परत आली तेव्हा निवडीला आठच दिवस उरले होते. मी आल्या आल्या तिला बारखाली उभं केलं. तिनं तळहात पुढे केले. "म्याडम, हात बहुत नरम झाले."

"नाटकं नको करू. पावडर लाव अन् चढ."

बारवर लटकून पोरींच्या तळहातांना घट्टे पडतात. त्या घट्ट्यांवरच सगळी पकड असते. पंधरा दिवस चिखलात भिजून तिचे घट्टे पार निघून गेले होते आणि मी मूर्ख, नीट पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या फेरीला कातडी सोलली आणि हात सुटला. धरायला मी खालीच उभी होते, पण माझा खांदा वेळेवर वर गेला नाही. तिच्या कोपराचा चुरा झाला.

दवाखान्यात तिची आई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं डॉक्टरला एवढंच विचारलं, "रोवता येईन ना हिले?" मी बाहेर जाऊन ढसाढसा रडले.

घरी मायला सांगितलं. ती म्हणाली, "चिखलानं घट्टे जातेत, तुले ठाऊक नव्हतं?"

"तू कधी सांगितलंच नाहीस!"

"तू कवा उतरली चिखलात?"

असा राग आला मला! तिचा आला, त्याहून जास्त स्वतःचा.

या वर्षी रोवणीला मी अड्याळला गेले, पोरीचा वाटा रोवायला. तिचं कोपर आता सरळ होत नाही. ती धुऱ्यावर बसून डाव्या हातानं रोपांच्या पेंढ्या फेकत होती. माझी रांग वाकडी जात होती, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाचव्या दिवशी दुपारी मी हात धुवायला धुऱ्यापाशी आले. बोटांच्या मुळाशी उरलेले माझे जुने घट्टे पांढरे फटक पडून सुटत होते. पोरीनं माझा तळहात ओढून घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"मी सांगितलं होतं न तुमाले, म्याडम."

"हो," मी म्हटलं, "सांगितलं होतंस."

तिनं पुढची पेंढी माझ्या हातात दिली.