सेशनची वॉर्निंग आणि श्रीची जागा

ऐकायचंच असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे एक जण पीतपीत ऐकत होता, त्याचा शर्ट गेला. तुम्ही हसाल, पण मला अजून सुनेसमोर मान वर करता येत नाही.

सून म्हणजे वैशाली. भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकलेली. नागपूरच्या एका ऑफिसनं तिला वेबसाइटचं एक पान बनवायला दिलं होतं. अकरा वाजता साहेब लॅपटॉपवरच व्हिडिओ कॉल करून ते बघणार. पान चाललं तर घरबसल्या नोकरी! पोरगी आठ दिवस धड जेवली नव्हती.

त्या सकाळी ती आंघोळीला गेली. लॅपटॉप उघडाच होता. मी वाकून पाहिलं, तर लिखाण एकदम वरच्या काठापासून सुरू! माथ्यावर 'श्री' नाही! अहो, मी चौथी शिकलेला माणूस, पण किराण्याची यादी लिहायची तरी 'श्री' काढल्याशिवाय माझा पेन पुढे सरकत नाही. आणि हे तर नोकरीचं काम!

'श्री' कोणत्या बटणात असतो ते काही सापडेना. म्हटलं, निदान त्याची जागा तरी सोडू. लिखाणाच्या सुरुवातीलाच एक काडी लुकलुकत होती. वैशाली खालच्या ओळीवर जायला दाबते ते मोठं बटण मी दाबलं. सगळं एक ओळ खाली सरकलं. मी हात जोडले आणि ओसरीवर येऊन बसलो.

दहा वाजता वैशाली आतून ओरडली, "अरे देवा! सेशनची वॉर्निंग येऊन राहिली!"

मी ताडकन उठलो. सेशन! तुम्हीच सांगा, आपल्याकडे सेशन म्हटलं की काय? भंडाऱ्याचं सेशन कोर्ट! तिथं खुनाचे खटले चालतात!

"काय म्हणते पोरी ते?"

"म्हणते, पहिल्या ओळीतून आधीच काहीतरी पाठवलं. पण पहिल्या ओळीत तं काहीच नाही, मामाजी!"

"मंग आता?"

"आता काय? अकरा वाजता साहेबासमोर जा लागते!"

पहिली ओळ! म्हणजे माझीच की! लिहिलेल्यात फेरफार केला, तो तासाभरात कोर्टाला कळला! आमच्या तलाठ्याला वर्षभर कळत नाही!

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. खोटं कशाला बोलू, भ्यालो. गोठ्यात जाऊन म्हशीच्या आड उभा राहिलो. एवढा मोठा माणूस! म्हशीलाही लाज वाटली असेल.

अकराला परत ओसरीवर आलो, तर आतून लॅपटॉपमधल्या साहेबाचा आवाज आला, "मॅडम, नाव टाकून आत गेलं की लगेच बाहेर काढतंय. चूक कुणाची?"

"माहीच असन, सर." पोरीनं दोष स्वतःवर घेतला.

मग नाही राहवलं. पेटीतून सातबारा काढला, टोपी नीट केली आणि थेट लॅपटॉपसमोर हात जोडून उभा राहिलो.

"साहेब, तिले सोडा, मले धरा. पहिली ओळ म्या कोरी सोडली. श्रीसाठी."

साहेबांनी चष्मा काढला.

"किती ओळी सोडल्या, बाबा?"

"एकच, साहेब. देवाशपथ."

वैशालीनं झटकन ती ओळ पुसली, पान पुन्हा चालवलं. चाललं! वॉर्निंग गायब! साहेब पोट धरून हसले. म्हणाले, "बाबा, सेशन म्हणजे आत आलेल्याची ओळख ठेवणं. त्याआधी पान काही बोललं की ओळख राहत नाही, आणि हे यंत्र कोऱ्या ओळीलासुद्धा बोललेलं धरतं. आमची शिकलेली माणसं इथंच अडकतात. मॅडम, काम चांगलं आहे. सोमवारपासून लागा."

मला एवढंच कळलं, पोरगी सुटली! माझे डोळेच भरून आले. मी सातबारा पुढे केला.

"हे काय आहे?"

"जामीन, साहेब."

वैशालीनं मागून माझा दुपट्टा ओढला. "मामाजी! हे कोर्ट नाही! माहे साहेब आहेत ते!"

आता इथं तरी माणसानं गप्प बसावं की नाही? पण जीभ म्हाताऱ्याची!

"बरं बरं," मी म्हटलं, "मंग पुढची तारीख कधीची?"