आठ, नळाला पाणी

आमच्या कॉलनीत महिन्यातून दोन रविवारी, दुपारी चार वाजता, सभागृहात हाऊजी असायची. सभागृह म्हणजे पत्र्याची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा. पंखा लावला की तिकिटं उडायची, म्हणून तो बंद. एप्रिल-मे महिन्यात पदरानं वारा घेत खेळायचो. तिकिटावरचे आकडे झाकायला चिंचोके. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी, गाळणी, फार तर डबा. झाडायची पाळी आणि खुर्च्या लावायची पाळी दोन्ही बहुतेक माझ्यावरच यायच्या, कारण वेळेवर पोचणारी मी एकटी.

हे आधी सांगते, कारण ऑनलाइनच्या नावानं खडे फोडायला मी बसलेली नाही. हाऊजी फोनवर नेऊ या असं म्हणणाऱ्यांत मी पहिली होते.

आकडे काढायच्या त्या आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरातल्या काकू. सिल्लोडकडच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. घरात एकट्या. एरवी त्यांचा आवाज फारसा कोणी ऐकायचं नाही, पण त्या रविवारी जुन्या ब्लाऊजपिसाची शिवलेली पिशवी मांडीवर घेतली की बाई बदलायच्या. पिशवीतून लाकडी गोटी काढायच्या, चष्मा कपाळावर सरकवून लांब धरून बघायच्या, आणि नुसता आकडा कधीच सांगायच्या नाहीत. "वीस, आपल्या जिल्ह्याच्या गाडीचा नंबर." "बावन्न, आपल्या गावाचे दरवाजे." "अठ्ठावन्न, साहेब घरी बसले." हे अठ्ठावन्न त्या एका निवृत्त क्लार्कच्या बायकोकडे बघून म्हणायच्या, आणि ती दर वेळी म्हणायची, "बसले कुठं, डोक्यावर नाचतायत."

आठ निघाला की काकू म्हणायच्या, "आठ, नळाला पाणी." मग सगळ्यांनी एका सुरात विचारायचं, "आलं का?" आणि त्यांनी म्हणायचं, "आलं बाई आलं, हंडे लावा." आमच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. कधी दहाव्या. त्यात हसण्यासारखं काही नाही, पण आम्ही दर वेळी हसायचो.

काकूंची एक खोड मला सहन व्हायची नाही. सगळ्या आल्याशिवाय त्या पिशवीत हात घालायच्या नाहीत. खुर्च्यांवरून नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "कोपऱ्यावरची कुठं हाय?"

"येईल हो काकू. सुरू करा तुम्ही."

"येईल तवा करू."

"चार वाजून गेले."

"घड्याळ मलाबी दिसतंय. खुर्चीबी दिसतीय. जा, आवाज दे तिला."

मग कोणीतरी दारात जाऊन हाक मारायची. दर वेळी दहा-पंधरा मिनिटं वाया. मी एका कंपनीत स्टोअर सांभाळते, वेळेवर माल सुटला नाही तर तिथं बोलणी बसतात, त्यामुळे माझा जीव चडफडायचा. रविवारी संध्याकाळी आठवड्याची भाजी आणायला मला क्रांती चौकाच्या पुढं जायचं असायचं.

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं आणि सभागृहाला कुलूप लागलं. आधी आम्ही व्हिडिओ कॉलवर खेळून पाहिलं. काकू आकडा सांगायच्या, तो कोणाला लगेच ऐकू यायचा, कोणाला दोन आकड्यांनंतर. भांडणं झाली. कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेनं मग एक अ‍ॅप शोधून काढलं. त्यात एक यंत्रातली बाई स्वतः आकडे बोलते, स्वतः तपासते, कोण जिंकलं तेही स्वतः सांगते. आपण फोनवर बोट ठेवून आपला आकडा कापायचा. एकमेकींशी बोलायला ग्रुप होताच. चारला सुरू म्हणजे चारला सुरू. पावणेपाचला मी भाजीला बाहेर.

पुढं सभागृह उघडलं, पण तोवर ते शिकवणीच्या क्लासला दिलेलं होतं. कोणी फारशी हळहळ केली नाही. झाडायचं नाही, साडी बदलायची नाही, वरण शिजत ठेवून खेळता येतं. बदली होऊन गेलेल्या दोघी नाशिकहून खेळायला लागल्या. पाऊस असला तरी अडत नाही. हे सगळे फायदे खरे आहेत आणि आजही मी ते नाकारणार नाही.

काकूंना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"काकू, आता आकडे काढायची कटकट गेली. आता तुम्ही निवांत खेळा."

"व्हय. बरं झालं," त्या म्हणाल्या. पिशवी खुंटीला अडकवलेली होती. "ती बाई नुसते आकडेच सांगती का गं?"

"नुसते आकडे."

"लई घाईत हाय वाटतं."

त्यांना बोटानं आकडा कापणं जमेना. बोट ठेवेपर्यंत पुढचे दोन निघून जायचे, आणि भलताच कापला गेला की फोन थरथरायचा आणि त्या दचकायच्या. तीन-चार रविवार मी बघितलं. मग एकदा त्यांच्या घरी जाऊन त्या अ‍ॅपमधलं 'आपोआप' चालू करून दिलं. एकदा ते चालू केलं की यंत्रच आपले आकडे कापतं, जिंकलो तर दावाही यंत्रच करतं.

"मग मी काय करू?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही बघत राहा."

मला वाटलं, अडचण होती, ती मी सोडवली. त्या फोन चार्जिंगला लावून शेजारी बसत असत. कधी ग्रुपवर त्यांचं बोललेलं यायचं, "चौऱ्याहत्तर, माझं वय," असं काहीतरी. त्यावर दोघी-तिघी हसरे चेहरे टाकायच्या. पण तोवर पुढचे चार आकडे झालेले असायचे. हळूहळू ते बोलणं बंद झालं. खेळणाऱ्यांच्या यादीत नाव मात्र दर रविवारी असायचं, त्याच्यापुढं हिरवा ठिपका.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी हाऊजी आणि पाणी एकदमच आलं. चारला दहा कमी असताना काकूंचा हिरवा ठिपका दिसला. खेळ सुरू झाला आणि पाचेक मिनिटांत बाहेर आरडाओरड, नळ आला. मी फोन ओट्यावर ठेवून पाइप हौदात सोडला. सगळ्यांचं तेच चाललेलं. घराघरातून यंत्रातली बाई आकडे बोलत होती आणि आम्ही बादल्या उचलत होतो.

फुल हाऊस काकूंना लागलं.

त्या बाईनं ते जाहीर केलं, पडद्यावर काकूंच्या नावावर मुकुट आला, कागदाचे तुकडे उडाले. ग्रुपवर टाळ्या, फुलं, पेढ्यांची चित्रं. मीही दोन टाळ्या टाकल्या. काकूंचं उत्तर नाही. क्लार्कच्या बायकोनं लिहिलं, "काकू आता भाव खाणार." मी लिहिलं, "पेढे देईपर्यंत गप्पच बसणार त्या." त्यावर नाशिकहून हसरे चेहरे. माझं ते वाक्य अजून फोनमध्ये आहे.

सव्वापाचला मी पिशवी घेऊन भाजीला निघाले, तर समोरचे गृहस्थ फाटकात उभे, तापलेले. "तुमच्या काकूंना सांगा जरा. तासभर पाणी रस्त्यावर चाललंय. हौद भरून वाहतोय, बाईंना पत्ता नाही. इथं लोकांना प्यायला नाही." काकूंची एक किल्ली माझ्याकडे असते. मी गेले ती त्यांना बोलायलाच गेले. पाणी असं वाया घालवणाऱ्या त्या नव्हत्या, हे डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

काकू न्हाणीच्या दारात पडलेल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. साडी पूर्ण भिजलेली. बादली आडवी. शुद्धीवर होत्या. मला बघून म्हणाल्या, "आधी नळ बंद कर."

बैठकीत टेबलावर फोन चार्जिंगला होता आणि पडद्यावर मुकुट तसाच.

पाय धरल्यावर ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या नाहीत. आवाजच उरला नव्हता. रिक्षात बसवणं शक्य नव्हतं, रुग्णवाहिका यायला अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात त्या थोडं थोडं बोलल्या.

"पाइप टाकला अन् बादली घ्यायला आले, तर पाय गेला. लई हाका मारल्या गं. ती बाई बोलतच व्हती. तिच्यापुढं माझा आवाज जाईना."

"बोलू नका काकू."

"आठ निघाला. तवा मी म्हणले, नळाला पाणी." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग तुमच्या टाळ्या वाजत व्हत्या."

ग्रुपवर कोणी काही टाकलं की त्यांच्या फोनवर टाळीसारखा आवाज व्हायचा. तो आवाजही मीच निवडून दिला होता, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. मुलगा आला, चांगला मुलगा आहे, आठ दिवस राहिला. डॉक्टर म्हणाले, तासाभरानं काही फरक पडला नसता, या वयात हाड असंच असतं. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिकडं त्या चालायला लागतील असं सगळ्यांनी धरलं होतं. लागल्या नाहीत. घराला कुलूप आहे. पिशवी खुंटीलाच असेल.

हाऊजी बंद झाली नाही. दोन रविवार कोणी खेळलं नाही, तिसऱ्या रविवारी कोपऱ्यावरच्या सुनेनं वेळ टाकली. मी सुचवलं की सुरू करण्याआधी प्रत्येकीनं ग्रुपवर 'आले' असं स्वतःच्या तोंडानं बोलून टाकायचं. सगळ्यांना पटलं. पहिल्या खेपेला सगळ्या बोलल्या, दुसऱ्या खेपेला निम्म्या. आता फक्त मी बोलते. क्लासवाल्यांकडे रविवारची एक दुपार मागून पाहिली. त्यांची रविवारी परीक्षा असते.

काकूंचं नाव यादीत होतं. पुण्यात त्यांच्या सूनबाईंच्या फोनवर त्यांना खेळता यावं असं मी मुलाला सांगितलं होतं. ते 'आपोआप' मात्र बंद ठेवायला सांगितलं. म्हटलं, एखादा जरी आकडा कापला गेला तरी कळेल की त्यांचाच हात आहे. अ‍ॅपवर एकमेकींची तिकिटं दिसतात; सुरुवातीला तीन-चार कापलेले दिसायचे, उशिरा कापलेले. मग एखादा. मग तिकीट कोरं.

गेल्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी मी फोन लावला. सूनबाईंनी त्यांच्या कानाशी धरला.

"काकू, आज खेळताय ना?"

"माझं तिकीट नको टाकत जाऊ आता."

"जमत नसेल तर मी कापते इथून."

"तसं नाय. ती बाई बोलाया लागली की फरशी लागती गं पाठीला. गार."

मी बरं म्हटलं. नाव काढायला एकदाच बोट ठेवावं लागतं, ते मी बोलता बोलताच काढलं.

"पाणी येतं का वेळेवर?" त्यांनी विचारलं.

"काल आलं."

"कितव्या दिवशी?"

"आठव्या," मी म्हटलं, आणि थांबले. मग मीच म्हटलं, "आठ, नळाला पाणी."

पलीकडून "आलं का?" आलं नाही. नंतर त्या म्हणाल्या, "भरून घेतलंस ना," आणि सूनबाईंनी फोन काढून घेतला. चार वाजले होते. मी 'आले' असं बोलून ग्रुपवर टाकलं आणि खेळ सुरू झाला.