बद्द वाजलेली मडकी

१४ मार्च, शनिवार. सकाळपासून ऊन, वारा पडलेला.

शाळेत माती नेली की किस्से साचतातच. मी रोज लिहितो, म्हणून ते हरवत नाहीत, एवढंच. सुनीताताई आणि मी कारागिरांना शाळांमध्ये नेतो. मुलं कला शिकतात, कारागिराला काम मिळतं. यंदा जालन्यातली एकच शाळा उरली होती आणि कुंभार पिंपळगावच्या नामदेवकाकांना दुसरं काम नव्हतं. पुढचं वर्ष मुलांच्या मडक्यांच्या आजच्या प्रदर्शनावर ठरणार होतं.

*

पहिल्या तासाला आयांनी मुलांना हातमोजे घालून पाठवलं.

काका बघतच राहिले. "ताई, डॉक्टर बोलावला का कुंभार?"

*

मुख्याध्यापकांनी काकांकडे प्रमाणपत्र मागितलं. काकांनी दोन्ही तळहात टेबलावर उघडे ठेवले.

सर म्हणाले, "झेरॉक्स दिली तरी चालेल."

*

अयानने ओलं मडकं हेअर ड्रायरने वाळवलं. आरपार तडा गेला.

"सावलीत ठेव म्हन्लो होतो ना?"

"काका, सावलीत लई टाइम लागतो."

"लागतो बाबा. मला साठ वर्षं लागून राह्यलीत."

*

ताईंनी एकदा सहज विचारलं, "काका, घरी नातवाला शिकवता का?"

"त्यो म्हन्तो, आबा, माझ्या शाळंत बिलकुल येऊ नका." मग बराच वेळ ते कोरडं चाक पुसत बसले.

*

आज तेवीस मडकी भाजून आली. ती टेबलावर मांडून ताई आणि मी चहाला गेलो.

काकांच्या घरची रीत अशी, की मडकं वाजवल्याशिवाय लोकांपुढे ठेवायचं नाही. बद्द वाजलं, म्हणजे आत तडा असला, तर करणाऱ्यानेच फोडायचं.

परतलो तर मुलं रांगेत उभी. काका टिचकी मारत, कान लावत आणि बद्द वाजलेलं मडकं ज्याच्या त्याच्या हातात देत. मूल ते फरशीवर आपटून बाजूला होई.

ताई धावल्या. "काका, पालक येऊन राह्यलेत! लहान लेकरांचं काम आहे, चालतं."

"लेकरायला खोटं शिकवू का मंग?"

सानियाचा नंबर आला. काकांनी तिचं मडकं दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदाही वाजवलं.

"काका, द्या," ती म्हणाली. "मला पण ऐकू आलं."

तिने ते आपटलं तेव्हा मुख्याध्यापक पालकांना घेऊन दारात उभे होते.

तेवीसपैकी चार मडकी राहिली. साडेबाराला मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षीचा वर्ग रद्द केला.