पहिला खंड दुरुस्तीला आहे

वाचनालयाच्या जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं. टेबलावर सुया, मेण लावलेला दोरा, कातर आणि खळीचं पातेलं. मैद्याची ती खळ ती रोज सकाळी स्वतः शिजवायची, म्हणून सगळे तिला खळमावशी म्हणत. फाटकी पुस्तकं शिवायची, हे तिचं काम. एकतीस वर्षं तिनं ते केलं, आणि त्या एकतीस वर्षांत तिची मान खाली गेली असेल तर ती फक्त सुईत दोरा ओवताना.

नवरा गेला त्या वर्षी ती इथं लागली. वर्षभर तिच्या तोंडावरची रेषा हलली नव्हती. मग एका दुपारी पाठ निखळलेलं एक जाडजूड पुस्तक शिवायला आलं. चौतीस खंडांच्या एका विनोदी अद्भुत मालिकेचा तो आठवा खंड. पानं जुळवता जुळवता तिची नजर एका ओळीवर अडकली. एक म्हातारा ड्रॅगन आग ओकायच्या परवान्यासाठी कचेरीच्या रांगेत उभा होता आणि खिडकीतला कारकून त्याला सांगत होता, "आधी धुराचा दाखला आणा." खळमावशी अशी खदखदून हसली, की वरून तीन वाचक "शूऽऽ" करायला खाली आले. त्या दिवशी पुस्तक शिवलं गेलंच नाही.

तेव्हापासून कुणीही विचारावं, "मावशी, एवढी मोठी मालिका, सुरुवात कुठून करू?" आणि तिनं म्हणावं, "आठव्यापासून. पहिल्याच्या वाटेला जाऊ नकोस."

मग नवे ग्रंथपाल आले. माणूस वाईट नव्हता, पण टेबलावरची पेन्सिलसुद्धा फूटपट्टी लावून ठेवणारा. महिन्याभरात फळ्यावर सूचना लागली: मालिका क्रमानंच मिळेल. पहिला खंड वाचून झाल्याशिवाय दुसरा नाही. आणि वर्षअखेरपर्यंत जे खंड कुणी नेणार नाही, ते रद्दीत.

दवाखान्यातली एक नर्स पहिला खंड घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी परत आली.

"काय गं, हसलीस का?"

"कसली हसतेय! नकाशा झाला, अकरा राजांची वंशावळ झाली. मी काय राजघराण्यात सोयरीक जुळवायला निघालेय, मावशी?"

खळमावशीनं पहिला आणि आठवा खंड काखोटीला मारले आणि ती तडक ग्रंथपालसाहेबांच्या खोलीत शिरली. दोन्ही पुस्तकं आडवी ठेवली.

"साहेब, कडा बघा. पहिल्याची साठ पानं बोटांनी काळी पडलीत. पुढची? नवऱ्या मुलाच्या सदऱ्यासारखी कोरी. माणसं इथंच मेली. आता आठवा बघा. शेवटच्या पानापर्यंत मळलाय."

"मावशी, मळ म्हणजे पुरावा नव्हे. गोष्ट सुरुवातीपासूनच वाचायची असते."

"तुम्ही मला भेटलात तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. आधीचे छप्पन्न खंड वाचले नाहीत म्हणून तुमचं काही अडलं का?"

साहेब हसणार होते, पण सावरले. "नियम तो नियम. वाचनालयाची नियमावली कधी वाचलीत का?"

"वाचलीत का? अहो, ती मीच शिवलीय! तीनदा!" खळमावशीचा आवाज आता बाहेर वाचनकक्षापर्यंत पोचत होता, आणि तो पोचावा अशीच तिची इच्छा होती. "नियम एकोणीस. एखादा खंड दुरुस्तीला असेल, तर वाचकाला त्याच मालिकेतला तो मागेल तो खंड द्यावा."

"पण पहिला खंड दुरुस्तीला कुठे आहे?"

तिनं पदराला खोचलेली कातर काढली. पहिल्या खंडाची सुरुवातीची पानं तशीही सुटायला आलीच होती. साहेबांच्या डोळ्यांदेखत तिनं शिलाईचा दोरा कापला. कच्च.

"आता आहे."

त्या संध्याकाळी नर्स आठवा खंड घेऊन गेली. दोन दिवसांनी तिच्या वॉर्डातली दुसरी आली, मग त्या दुसरीचा दीर आला, मग एक शिंपी, जो हसताना उचक्या देई आणि बाहेरच्या बाकावर बसूनच वाची. आठव्यावरून नववा, नवव्यावरून मागे जाऊन पाचवा; जो तो आपापल्या वाटेनं त्या राज्यात हिंडू लागला. साहेब अधूनमधून जिन्यावरून वाकून विचारत, "झाली का दुरुस्ती?"

"खळ वाळतेय, साहेब."

"चार महिने?"

"हवा दमट आहे."

वर्षअखेरीला रद्दीवाला पोती घेऊन आला. साहेब यादी घेऊन त्या मालिकेच्या फळीपाशी गेले, तर फळी अख्खी रिकामी. तेहतीसच्या तेहतीस खंड लोकांच्या घरी होते. साहेबांनी यादी दोनदा उलटसुलट केली, घडी घालून खिशात ठेवली आणि जिन्याखाली आले. खळमावशी हाताची घडी घालून दारात उभी होती. तिच्यामागे टेबलावर, दोन लाकडी फळ्यांत दाबलेला, पहिला खंड.

साहेब जरा घुटमळले. "मावशी, हा... मला घरी न्यायला मिळेल का? मी क्रमानंच वाचणार आहे."

"नाही," ती म्हणाली. "ओला आहे अजून. कुणी आठवा परत आणला की तो न्या."